श्रेणीचा बट्टा : अमेरिकेतील कायदेशिक्षणाच्या दारावरील एक हिशेब

पेशवाईच्या काळात एकाच पेठेत अनेक टाकसाळींचे रुपये चालत. चांदवडी वेगळा, अंकुशी वेगळा. नावाने सारे रुपयेच, पण एकाचा कस दुसऱ्याला नसे. गावोगावचे नाणे एका ठिकाणी गोळा झाले म्हणजे सराफाला बोलावणे भाग पडे. तो नाणे पारखी, तोली आणि बट्टा सांगे. हा बट्टा म्हणजे केवळ वजाबाकी नव्हती. कोणत्या टाकसाळीवर किती विश्वास ठेवायचा, झिजलेल्या नाण्याला किती सूट द्यायची आणि परमुलखातले नाणे मुळात घ्यायचे की नाही, एवढे सारे निर्णय त्या एका आकड्यात दडलेले असत.

विद्येच्या पेठेतही हाच प्रश्न उभा राहतो. एका विद्यापीठाचा 'उत्तम' दुसऱ्याच्या 'उत्तमा'एवढाच असतो काय? नसेल, तर दोघांची तुलना कोणी करावी आणि कशी करावी? या प्रश्नाचे एक अत्यंत पद्धतशीर उत्तर अमेरिकेतील कायद्याच्या महाविद्यालयांनी दिले आहे. त्या देशात कायदा हा पदवीनंतर शिकण्याचा विषय आहे. विद्यार्थी आधी चार वर्षे इतिहास, रसायन, संगीत, वाटेल तो विषय घेऊन पदवी मिळवतो आणि मग तीन वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करतो. म्हणजे कायद्याच्या दारावर हजारो महाविद्यालयांची, शेकडो विषयांची आणि नाना तऱ्हांची गुणपत्रके येऊन पडतात. ती सर्व एका मापात आणण्याचे काम लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल ही संस्था करते. तिने काढलेली सरासरी दशांशाच्या दोन घरांपर्यंत असते, आणि त्या दोन घरांवर पुष्कळांचे भवितव्य हेलकावे खात असते.

या सरासरीचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. तो आकड्यांचा इतिहास वाटला, तरी वस्तुतः तो विश्वासाचा इतिहास आहे. परक्याची पारख न्यायाने व्हावी म्हणून माणसांनी मोजपट्टी केली. पुढे त्या मोजपट्टीलाच माणसे न्याय समजू लागली. हे कसे घडले, ते क्रमाने पाहू.

शब्दांकडून आकड्यांकडे

अमेरिकन महाविद्यालयांतील श्रेणीचा सर्वांत जुना म्हणून सांगितला जाणारा दाखला येल येथील आहे. तेथील अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी १७८५ साली आपल्या रोजनिशीत अठ्ठावन्न विद्यार्थ्यांच्या परीक्षेची नोंद केली. त्यांनी गुण दिले नाहीत. लॅटिन विशेषणे दिली. वीस जण उत्तम, सोळा जण दुसऱ्या प्रतीचे उत्तम, बारा जण कनिष्ठ पण बरे, आणि दहा जण त्याहून वाईट. या चार कप्प्यांत सारा वर्ग मावला. ज्याने परीक्षा घेतली तोच त्या मुलांना नावानिशी ओळखत होता, त्यामुळे शब्द पुरे होत होते. आमच्याकडील पंतोजीही 'पोरगा हुशार आहे, पण हात जड आहे' एवढ्या वाक्यात शिष्याचा निकाल लावीत. ओळखीच्या माणसांत विशेषणाइतके नेमके माप दुसरे नाही.

परंतु महाविद्यालये वाढली आणि ओळख पातळ होत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येलमध्ये चार गुणांची मोजपट्टी आली, हार्वर्डने १८३०च्या सुमारास वीस गुणांची व नंतर शंभर गुणांची मोजपट्टी वापरून पाहिली. खरा पालट मात्र त्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. १८६९ मध्ये चार्ल्स इलियट हे हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि चाळीस वर्षे त्या पदावर राहिले. विद्यार्थ्याने आपले विषय आपण निवडावेत, हे त्यांच्या कारकिर्दीचे मुख्य सूत्र होते. सर्वजण एकच ग्रीक आणि एकच गणित शिकत असताना त्यांची प्रतवारी लावणे सोपे होते. एकाने वनस्पतिशास्त्र व दुसऱ्याने अर्थशास्त्र घेतले म्हणजे दोघांची तुलना करण्यास काही समान एकक लागते. त्यातून तासांवर मोजलेला श्रेयांक आला, आणि श्रेयांकाने श्रेणीला गुणून सरासरी काढण्याची रीत आली. विषय मोकळे झाले, त्याबरोबर हिशेब घट्ट झाला.

अक्षरांच्या श्रेणींचे श्रेय बहुधा मॅसॅच्युसेट्समधील माउंट होल्योक या स्त्रियांच्या महाविद्यालयास दिले जाते. तेथे १८९७ साली 'ए' पासून 'ई' पर्यंत अक्षरे ठरविण्यात आली व प्रत्येक अक्षराला टक्क्यांची मर्यादा जोडण्यात आली. त्या वर्षी 'ई' म्हणजे अनुत्तीर्ण. पुढच्याच वर्षी मर्यादा बदलल्या आणि अनुत्तीर्णासाठी 'एफ' हे अक्षर आले. आज जगभर भीतीचा विषय झालेले हे अक्षर असे एका दुरुस्तीतून जन्मले. त्याच संस्थेत, एका वर्षाच्या अंतराने, एकाच अक्षराचा अर्थ बदलू शकला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

अक्षरे येण्याचे एक कारण असे, की शंभरातील नेमका आकडा सांगण्याचा आव शिक्षकांना झेपत नव्हता. १९१२ व १९१३ मध्ये डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट (हे इलियट हार्वर्डचे नव्हेत) या दोघांनी विस्कॉन्सिनमध्ये एक साधा प्रयोग केला. एकाच विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेच्या प्रती काढून त्यांनी त्या शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासण्यास पाठविल्या. इंग्रजीच्या एका उत्तरपत्रिकेला चौसष्टपासून अठ्ठ्याण्णवपर्यंत गुण पडले. भाषेचा विषय म्हणून असे झाले असेल, असा आक्षेप आला, तेव्हा त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठविली. तिला अठ्ठावीसपासून नव्वदाच्याही वरपर्यंत गुण मिळाले! कागद तोच, उत्तरे तीच. बदलला तो केवळ तपासणारा हात. या प्रयोगानंतर टक्क्यांवरचा विश्वास डळमळला आणि पाच-सहा अक्षरांचे ढोबळ माप अधिक प्रामाणिक वाटू लागले. तथापि सरासरी काढायची तर अक्षरांना पुन्हा आकडा द्यावाच लागतो. 'ए' म्हणजे चार, 'बी' म्हणजे तीन, 'सी' म्हणजे दोन, 'डी' म्हणजे एक, 'एफ' म्हणजे शून्य. आकडा पुढच्या दाराने गेला आणि मागच्या दाराने परत आला.

कायद्याचे दार

आता कायद्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील बहुतेक वकील कोणा जुन्या वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करून तयार होत. १८७० मध्ये याच चार्ल्स इलियट यांनी क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल यांना हार्वर्डच्या कायदेशाळेचे प्रमुख नेमले. लँगडेल यांनी निवाड्यांच्या अभ्यासाची पद्धत आणली, लेखी परीक्षा कडक केल्या आणि प्रवेशाचे नियम हळूहळू वर चढविले. त्या शतकाच्या अखेरच्या दशकात हार्वर्डने कायद्याच्या प्रवेशासाठी महाविद्यालयीन पदवी आवश्यक ठरविली. पण कोणत्या महाविद्यालयाची पदवी? त्यासाठी एक यादी करण्यात आली. बोस्टन कॉलेज व होली क्रॉस ही जेझुइट पंथीयांची महाविद्यालये त्या यादीबाहेर राहिली, तेव्हा कॅथलिक समाजात मोठा क्षोभ उसळला. टाकसाळ खरी की खोटी हा वाद असा पहिल्याच पावलाला उभा राहिला.

यादीत नाव असलेल्या महाविद्यालयाचा पदवीधर मात्र फारशी चौकशी न होता आत येई. गाळणी पुढे होती. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत कितीतरी विद्यार्थी नापास होऊन बाहेर पडत. 'तुमच्या डाव्या व उजव्या बाजूला पाहा. तिघांतला एक पुढच्या वर्षी येथे नसेल,' अशा अर्थाचे स्वागत नव्या विद्यार्थ्यांना ऐकावे लागे, असे तेथील जुने लोक सांगत. ही रीत निष्ठुर होती, पण तिच्यात एक सरळपणा होता. माणसाने कायदा शिकून पाहावा आणि त्याच विषयात त्याचा निकाल लागावा. पूर्वीच्या गुणांवरून पुढचे भाकीत करण्याची गरज तेव्हा भासत नव्हती. अर्थात हे दार सर्वांना उघडे नव्हते, हेही लगेच सांगितले पाहिजे. हार्वर्डच्या कायदेशाळेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला तो १९५० मध्ये. त्याच वर्षी हेमन स्वेट या कृष्णवर्णीय अर्जदाराला टेक्ससच्या कायदेशाळेत घ्यावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. त्याची शैक्षणिक पात्रता पुरी होती. नाकारण्याचे कारण एकटा वर्ण हेच होते. गुणांची मोजणी अन्याय्य असू शकते. पण गुण न मोजताच माणसाला परतवून लावणे हा त्याहून जुना अन्याय आहे.

दुसऱ्या महायुद्धाने ही व्यवस्था मोडली. १९४४च्या कायद्याने परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि महाविद्यालयांवर लोंढा आला. तीनशे जणांना आत घेऊन शंभरांना काढून टाकण्याची चैन आता परवडेना. १९४५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या कायदेशाळेतील प्रवेशाधिकारी फ्रँक बोल्स यांनी महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा मंडळाला पत्र लिहून कायद्यासाठी एक सामायिक प्रवेशपरीक्षा काढावी असे सुचविले. १९४७ च्या नोव्हेंबरात काही कायदेशाळांचे प्रतिनिधी एकत्र बसले, आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये पहिली परीक्षा झालीही. या परीक्षेमागील विचार असा, की महाविद्यालयागणिक श्रेणीचा अर्थ बदलतो, तेव्हा सर्वांना एकच प्रश्नपत्रिका द्यावी आणि तिच्या शेजारी श्रेणी ठेवून वाचावी. एक माप समान, दुसरे माप असमान. दोन्ही मिळून अंदाज बरा येतो. अनुभवानेही तसेच दिसून आले. एकट्या परीक्षेपेक्षा किंवा एकट्या श्रेणीपेक्षा दोहोंच्या जोडीवरून पहिल्या वर्षाच्या यशाचे अनुमान अधिक ठीक बांधता येते.

एका जागेमागे दहा अर्ज

परीक्षा एक झाली, पण श्रेणी मोजण्याची रीत बराच काळ ज्याची त्याची राहिली. कोणी चारही वर्षांची सरासरी घेई, कोणी शेवटच्या दोन वर्षांचीच. १९७०च्या सुमारास कायद्याकडे येणाऱ्यांची संख्या एकाएकी फुगली, तेव्हा ही मोकळीक जाचू लागली. त्या वेळचे चित्र एका खटल्याच्या कागदपत्रांत जसेच्या तसे जपले गेले आहे.

मार्को डीफ्युनिस या तरुणाने १९७१ साठी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कायदेशाळेत अर्ज केला. जागा होत्या सुमारे दीडशे आणि अर्ज आले सोळाशे एक. शाळेने प्रत्येकासाठी एक सूत्र लावले. पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांच्या श्रेणी आणि प्रवेशपरीक्षेचे गुण यांवरून, हा विद्यार्थी कायद्याच्या पहिल्या वर्षी किती सरासरी मिळवील, याचे भाकीत काढले. ७७ किंवा अधिक आकडा असणाऱ्यांचे अर्ज बहुधा स्वीकारले गेले, ७४.५ च्या खालचे बहुतेक अर्ज समितीच्या अध्यक्षांच्या नजरेखालून जाऊन नाकारले गेले. डीफ्युनिसचा आकडा होता ७६.२३. तो मधल्या पट्ट्यात अडकला आणि शेवटी नाकारला गेला. अल्पसंख्य समाजांतील अर्जदारांचा विचार शाळेने निराळा केला होता, आणि त्यांतील काहींचे आकडे त्याच्या आकड्याहून कमी होते. म्हणून त्याने न्यायालयात धाव घेतली. खालच्या न्यायालयाच्या हुकमाने त्याला प्रवेश मिळाला. खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचून निकाल लागेपर्यंत, म्हणजे १९७४ पर्यंत, तो शेवटच्या सत्रात होता. तेव्हा आता वाद उरलेलाच नाही, असे म्हणून बहुमताने प्रकरण मिटविले.

न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी मात्र वेगळे निकालपत्र लिहिले, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे. वर्णावरून निवड करण्यास त्यांचा विरोध होता. पण आकड्यावरून निवड करणे म्हणजे आपोआप न्याय, हेही त्यांना मान्य नव्हते. दरिद्री वस्तीतून धडपडत एखाद्या साध्या महाविद्यालयापर्यंत पोहोचलेल्या कृष्णवर्णीय तरुणाच्या अंगी, हार्वर्डमध्ये अधिक चांगल्या श्रेणी मिळविणाऱ्या एखाद्या धनिकाच्या मुलापेक्षा, कायद्याचा अभ्यास पेलण्याची शक्ती अधिक असू शकेल. आणि हे ओळखण्यास घटना मुळीच आडवी येत नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. श्रेणी कोठे मिळाली एवढेच पाहून भागत नाही. ती कोठून निघून मिळविली हेही पाहावे, असा याचा अर्थ.

याच काळात कौन्सिलने गुणपत्रके एके ठिकाणी गोळा करून, एका रीतीने मोजून, सर्व कायदेशाळांकडे पाठविण्याची व्यवस्था उभी केली. अर्जदाराने एकदाच सर्व गुणपत्रके पाठवायची. पेन्सिल्व्हेनियातील न्यूटाउन येथे आता या कौन्सिलचे ठाणे आहे. सराफाची पेढी अशी कायम झाली.

बट्ट्याचे कोष्टक

या पेढीचे कोष्टक पाहण्यासारखे आहे. 'ए'ला ४.००, 'ए उणे'ला ३.६७, 'बी अधिक'ला ३.३३, 'बी'ला ३.००, असे तिसऱ्या तिसऱ्या हिश्शाने ते खाली उतरते. 'ए अधिक'ला ४.३३ मिळतात. काही विद्यापीठांत 'एबी' अशी मधली श्रेणी असते, तिला ३.५० मिळतात. जेथे टक्के दिले जातात तेथे ९८ व वर म्हणजे 'ए अधिक', ९३ ते ९७ म्हणजे 'ए', ९० ते ९२ म्हणजे 'ए उणे', याप्रमाणे. ज्यांचे वर्ष दोनाऐवजी तीन सत्रांत विभागलेले असते त्यांचे तीन श्रेयांक म्हणजे इतरांचे दोन. येथपर्यंत सर्व सुरळीत दिसते.

पण बारकाईने पाहिले म्हणजे प्रत्येक ओळीत एकेक निर्णय सापडतो. ब्याण्णव आणि त्र्याण्णव यांच्यात एका टक्क्याचा फरक. पण कोष्टकात तो ३.६७ आणि ४.०० इतका होतो. उलट नव्वद आणि ब्याण्णव एकाच पायरीवर बसतात. ज्या महाविद्यालयात 'ए अधिक' ही श्रेणीच नाही, तेथला विद्यार्थी कितीही बुद्धिमान असला, तरी ४.०० च्या वर जाऊ शकत नाही. ज्याच्या महाविद्यालयात ती आहे, त्याला एखादी घसरलेली श्रेणी भरून काढण्याची सोय असते. नामांकित कायदेशाळांत प्रवेश मिळालेल्यांची मध्यस्थ सरासरी आज ३.९ च्याही वर गेली आहे. इतक्या अरुंद जागेत हा एक-तृतीयांश गुण फार मोठा ठरतो.

सर्वांत विचार करण्यासारखा नियम पुनःपरीक्षेचा आहे. अनेक अमेरिकन महाविद्यालये विद्यार्थ्याला अनुत्तीर्ण विषय पुन्हा घेऊ देतात आणि नवी श्रेणी आली की जुनी सरासरीतून गाळतात. कौन्सिल ती गाळत नाही. गुणपत्रकावर जुनी श्रेणी आणि तिचे श्रेयांक दिसत असतील, तर ती मोजली जाते. उदाहरण घेऊ. एका विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी चार श्रेयांकांचे रसायन घेतले आणि तो नापास झाला. पुढे त्याने तोच विषय पुन्हा घेऊन 'ए' मिळविली. बाकी सर्व विषयांतही 'ए' मिळविली. पदवीचे श्रेयांक १२०. महाविद्यालयाच्या हिशेबाने त्याची सरासरी ४.००. कौन्सिल मात्र १२४ श्रेयांकांनी भागते, आणि ४८० भागिले १२४ म्हणजे ३.८७ येतात. महाविद्यालयाने माफ केले. पेढीने माफ केले नाही.

याला कठोरपणा म्हणावे काय? कौन्सिलच्या बाजूने बोलायचे तर तिला दुसरा मार्ग नाही. एका महाविद्यालयाची क्षमा मान्य केली, तर जेथे क्षमेची चालच नाही तेथल्या विद्यार्थ्यावर अन्याय होतो. म्हणून सर्वांना सारखे वागवायचे तर कोणालाच क्षमा करायची नाही, हा निष्कर्ष तर्काला धरून आहे. परंतु सारखेपणा आणि न्याय हे एकच नव्हेत. घरी दुखणे असताना, किंवा दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकताना जो अठराव्या वर्षी अडखळला, त्याचे अडखळणे आणि दुसऱ्याचे आळसाने नापास होणे यांना कोष्टकात एकच शून्य आहे. शाळेत असतानाच महाविद्यालयाचा एखादा अभ्यासक्रम ज्याने हौसेने घेतला, त्याची पंधरा-सोळाव्या वर्षाची ती श्रेणीही हिशेबात येते. उलट पहिली पदवी हाती पडल्यावर मिळविलेली कोणतीही श्रेणी मोजली जात नाही. पदवीनंतर दहा वर्षांनी माणूस सुधारला, पुन्हा शिकला, उच्च पदवी मिळविली, तरी ती सरासरी गोठलेलीच राहते. पेढीची स्मरणशक्ती एका बाजूला फार तीक्ष्ण आणि दुसऱ्या बाजूला मुळीच नाही, अशी ही स्थिती आहे.

तथापि कौन्सिलवर आंधळेपणाचा आरोप करणे योग्य होणार नाही. आपण वेगवेगळ्या महाविद्यालयांच्या श्रेणींचे मोल ठरवीत नाही, केवळ त्या एका रीतीने मांडतो, असे ती स्वतःच स्पष्ट करते. तिच्या अहवालात वर्षावर्षाची सरासरी निराळी दिलेली असते, त्यामुळे चढण व उतरण दिसते. त्याच महाविद्यालयातून आलेल्या इतर अर्जदारांत हा विद्यार्थी कोठे बसतो तेही दिलेले असते. मूळ गुणपत्रकही सोबत असते. एव्हरग्रीन स्टेट कॉलेजसारख्या संस्था श्रेणी देतच नाहीत, वाक्यांत अभिप्राय लिहितात. तेथल्या त्या कामाची सरासरी काढली जात नाही. २०२० च्या वसंत ऋतूत साथीमुळे कित्येक महाविद्यालयांनी केवळ 'उत्तीर्ण' एवढाच शेरा दिला, आणि उत्तीर्णाला सरासरीत स्थान नसल्याने ते सत्र हिशेबाबाहेर राहिले. तात्पर्य, पेढी जेवढे सांगायचे तेवढे सांगते. वाचणारा शेवटचा आकडा तेवढा उचलतो, हा दोष वाचणाराचा.

आकड्याचा अंमल

वाचणारा असा का वागतो, याचेही कारण आहे. १९८७ पासून एक अमेरिकन साप्ताहिक कायदेशाळांची क्रमवारी छापू लागले, आणि १९९० पासून ती दरवर्षी येऊ लागली. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या मध्यस्थ श्रेणीला आणि परीक्षेतील मध्यस्थ गुणांना त्या क्रमवारीत वजन होते. मग विद्यार्थी ज्या आकड्यासाठी धडपडत होता, त्याच आकड्यासाठी शाळाही धडपडू लागली. २०११ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या कायदेशाळेने काही वर्षे आपल्या विद्यार्थ्यांच्या श्रेणींचे व परीक्षेतील गुणांचे आकडे फुगवून कळविले होते असे उघडकीस आले, आणि २०१२ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने तिला अडीच लाख डॉलरचा दंड केला. कायदा शिकविणाऱ्या शाळेवर ही पाळी यावी, यावरून त्या आकड्याचा अंमल किती बसला होता हे कळून येते. २०२२ मध्ये येल व हार्वर्ड यांच्या कायदेशाळांनी या क्रमवारीला सहकार्य देणे थांबविले. पण सवय एका ठरावाने मोडत नाही.

दरम्यान नाण्याचा कसही उतरत गेला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात श्रेणी घसरली तर लष्करी भरतीतून मिळणारी सूट जाण्याची धास्ती होती, आणि त्याच काळात अमेरिकेतील सरासरी श्रेणी चढू लागली. पुढे ती चढतच राहिली. प्रिन्स्टनने २००४ मध्ये 'ए' श्रेणी पस्तीस टक्क्यांपुरत्या ठेवण्याचे ठरविले. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, तो नियम सोडून दिला. आपल्याच विद्यार्थ्यांच्या नाण्याला बाहेरच्या पेठेत बट्टा लागतो, ही त्यांच्या विरोधकांची एक तक्रार होती. २०१३ मध्ये हार्वर्डमधील पदवीच्या वर्गांत सर्वांत अधिक दिली जाणारी श्रेणी 'ए' आहे, असे तेथील अधिकाऱ्यांनीच सांगितले. सर्वच नाणी सोन्याची झाली, म्हणजे सोन्याने काही ओळखता येत नाही.

परमुलखातले नाणे

आता आपल्या घरचा प्रश्न. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची पदवी घेतलेला विद्यार्थी अमेरिकेतील कायदेशाळेत अर्ज करतो, तेव्हा त्याच्या गुणांचे काय होते? आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या साठ टक्के म्हणजे प्रथम वर्ग. घरात पेढे वाटले जात, वर्तमानपत्रात नाव येई. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, ते १८६२ च्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. पुढे १८६६ मध्ये ते कायद्याचे पदवीधर झाले. त्यांच्या काळापासून 'प्रथम वर्ग' या दोन शब्दांना या प्रांतात जे वजन आहे, ते आम्ही वेगळे सांगावयास नको. आता हेच साठ टक्के वरच्या कोष्टकात घालून पाहा. साठ ते बासष्ट म्हणजे 'डी उणे', किंमत ०.६७, साठाच्या खाली शून्य! पेढे वाटण्याजोगे यश समुद्र ओलांडताच जवळजवळ नापास ठरेल.

हे अर्थातच हास्यास्पद आहे, आणि कौन्सिलने ते ओळखले आहे. परदेशी विद्यापीठांतील गुणांची ती सरासरी काढीतच नाही. अशा गुणपत्रकांची तपासणी अमेरिकेतील कुलसचिवांच्या संघटनेकडून होते, त्या देशाची पद्धत जाणणारा माणूस ती वाचतो, आणि शेवटी आकडा न देता शब्द देतो : उत्कृष्ट, सरासरीहून वर, सरासरी, सरासरीहून खाली. चार शब्द. १७८५ मध्ये एझ्रा स्टाइल्स यांनीही चारच कप्पे केले होते.

हा योगायोग असेल. पण त्यातून निघणारा बोध योगायोग नव्हे. जेथे दोन मापांत मूळचेच साम्य नाही, तेथे दशांशाची दोन घरे मांडणे हे अचूकपणाचे सोंग ठरते, आणि शब्दाचे ढोबळ माप अधिक खरे असते. परक्या देशाच्या बाबतीत कौन्सिलने जे जाणले, ते अमेरिकेतील दोन महाविद्यालयांच्या बाबतीत थोड्याफार फरकाने खरे नाही काय? तेथे अक्षरे एक आहेत म्हणून आत काय आहे तेही एक असावे, असा भास होतो, एवढेच.

हा भास आपल्याकडेही आता येऊन पोहोचला आहे. २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दहा गुणांची मोजपट्टी सुचविली. तिच्यात सर्वांत वर 'ओ' आहे आणि 'ए अधिक' दुसऱ्या पायरीवर आहे; म्हणजे अमेरिकेत जे अक्षर शिखरावर बसते, ते येथे एक पायरी खाली. या श्रेणींचे टक्के करण्याची सूत्रेही विद्यापीठागणिक निराळी निघाली, आणि नोकरीच्या वा प्रवेशाच्या अर्जावर 'टक्के लिहा' असा रकाना आला, की मुले सूत्र शोधत कचेऱ्यांच्या खिडक्यांपुढे उभी राहतात. तेव्हा अमेरिकेचा हा इतिहास आपल्याला उपयोगी पडावा.

मोजपट्टीच नको, असे आमचे म्हणणे नाही. मोजपट्टी नव्हती तेव्हा ओळखीपाळखीचा, घराण्याचा आणि वर्णाचा भाव चालत होता. स्वेटला दारातून परत पाठविणाऱ्यांनी त्याची सरासरी काढण्याचेही कष्ट घेतले नव्हते. आकडा हा निःपक्षपाताचा पहिला हप्ता आहे, आणि तो भरलाच पाहिजे. परंतु तेवढ्याने कर्ज फिटत नाही. कोष्टक करणाऱ्याने आपला प्रत्येक नियम उघडपणे सांगावा. कोणती चूक मोजली आणि कोणती सोडली, याचे कारण द्यावे. आणि निवड करणाराने सरासरीच्या शेजारी मूळ गुणपत्रक ठेवून ते वर्षावर्षाने वाचावे. पहिल्या वर्षाचे ते रसायन आणि त्यानंतरची ती 'ए' या दोन ओळी एकाखाली एक वाचणारा माणूस समितीत असेल, तर ३.८७ हा आकडा कोणाचेही नुकसान करणार नाही. तो माणूस नसेल, तर कितीही बिनचूक कोष्टक त्या विद्यार्थ्याला न्याय देऊ शकणार नाही.